आयुष्यभराचा नंबर

यवतमाळात मोबाइल कंपनीचं एक थंडगार दुकान होतं. मे महिन्याच्या भर दुपारी एका बाईनं त्या दुकानाची काच लोखंडी स्टूल घालून फोडली, आतला कॉम्प्युटर फोडला आणि टाय घातलेल्या माणसाचं कपाळ फोडलं. दुसऱ्या दिवशी पेपरात चार ओळी आल्या, ‘माथेफिरू महिलेचा धिंगाणा’. माथेफिरू म्हणे! अरे, लिहिणाऱ्यानं एकदा तरी विचारायचं होतं तिला, की बाई, तुझं डोकं फिरवलं कोणी. कंपनीचं नाव इथं घेत नाही. नाव घेतलं तर त्याचेही पैसे लावतील, भरवसा नाही त्यांचा.

बाईचं नाव रुपीबाई. घाटंजीजवळच्या एका तांड्यावरची, वय पंचेचाळीसच्या आसपास, उंच आणि हाडापेरानं मजबूत. डाव्या कानाची पाळी खालून दुभंगलेली. ती तिच्या नवऱ्यानं, बाबूसिंगानं, कानातल्या दागिन्यासकट ओढून फाडली होती. बाबूसिंगचा मारायचा नेम पक्का होता. बैल हाकायची काठी असते, टोकाला टोचायची लोखंडी आर लावलेली, तीच तो बायकोवर चालवायचा. पंधराव्या वर्षी लग्न झालं तेव्हापासून अकरा वर्षं तिनं ते अंगावर घेतलं. अंगावर घेता घेता ती एक गोष्ट शिकली. मार चुकवता येत नसेल तर हात आडवा घालायचा. हाताचं हाड मोडलं तर जुळतं, तोंडाचं जुळत नाही.

मग एके दिवशी बाबूसिंगनं ती काठी चार वर्षांच्या पोरीवर, साधनावर, उगारली. रुपीबाई ज्वारी कांडत होती. तिनं हातातलं मुसळ उचललं आणि नवऱ्याचं उजवं मनगट मोडलं. तो ओरडत खाली बसला तेव्हा डावंही मोडलं. तांड्याच्या नायकानं, देवसिंगनं, पंचायत बसवली. बाई मुसळ घेऊनच पंचायतीत आली आणि उभी राहिली. दहा मिनिटांत पंचायत उठली. बाबूसिंग हात गळ्यात बांधून आदिलाबादकडे निघून गेला तो पुन्हा दिसला नाही. देवसिंग त्या दिवसापासून तिच्याशी बोलत नव्हता आणि तीही त्याच्या दारात कधी गेली नाही.

पोरीला तिनं वाढवलं ते हाच धडा देऊन. “हात आडवा घालाचा,” ती साधनाला सांगायची, आणि खरोखर चिंध्यांचा चेंडू फेकून फेकून पोरीकडून करून घ्यायची. पोरगी “याडी, फेक” म्हणत आईपुढं हसत हसत दोन्ही हात तोंडापुढे धरायची. तांड्यातल्या बाया म्हणायच्या, काय बाई ही, पोरीला खेळ शिकवते का भांडण.

नवरा गेल्यावर रुपीबाईनं कापूस वेचणाऱ्या बायांची टोळी उभी केली. वीस-बावीस बाया, आणि ही त्यांची मुकादम. शेतकऱ्याचा निरोप आला की दुसऱ्या दिवशी सकाळी टोळी वावरात हजर. निरोपासाठी फोन पाहिजे होता. साधना पंधरा-सोळा वर्षांची झाली आणि नेमकी तेव्हाच ती कंपनी घाटंजीच्या बाजारात भोंगा लावून आली. एकदाच पैसे भरा, आयुष्यभर इनकमिंग फुकट! बाजाराच्या तोंडाशी इंद्रजितचं रिचार्जचं दुकान होतं. पोरगा तसा सरळ. त्यानं कार्ड तिच्या हातावर ठेवलं आणि म्हणाला, “मावशी, तुम्ही जित्या आहात तोवर हा फोन वाजंल. बंद व्हायचं कामच नाही.”

रुपीबाईला आयुष्यभर पुरेल असं कोणी काही दिलं नव्हतं. ना बापानं, ना नवऱ्यानं. कंपनीनं दिलं. आठवड्याची सगळी कमाई तिनं त्या कार्डात घातली आणि तांड्यात सगळ्यांना सांगितलं, की मी जिती हाय तोवर हा वाजणार. तिला लिहिता-वाचता येत नव्हतं, पण ते दहा आकडे तिनं साधनाकडून पाठ करून घेतले आणि स्वतःही केले.

पुढं त्या फोनवर तिनं जो कारभार चालवला तो बघण्यासारखा होता. बोलायचं नाहीच. सगळं मिस कॉलवर. शेतकऱ्यानं एकदा वाजवून तोडला, म्हणजे उद्या टोळी पाठव. दोनदा वाजवला, म्हणजे उद्या नको. ती तसाच पुढं शेजारच्या गावांतल्या दोघी-तिघींना वाजवायची, तांड्यातल्या बायांना दारातून हाक मारायची. एक रुपया खर्च नाही आणि वीस घरांत निरोप पोचला! कंपनीच्या छातीवर बसून तिनं चार हंगाम काढले.

साधना मोठी झाली, तिचं लग्न राजूरच्या पूनमसिंगशी झालं. तो कोळशाच्या खाणीवर टिपर चालवायचा. कमावता होता, आणि दारू पोटात गेली की मारकाही होता. बायकोला त्यानं फोन घेऊ दिला नाही. शेजारी दीपा नावाची बाई राहायची, तिच्या फोनवरून साधना रोज दिवेलागणीला आईला मिस कॉल द्यायची. दोनदा वाजला, म्हणजे मी बरी आहे. “आन् तीनदा वाजला की मी निघाली समज,” असं रुपीबाईनं सांगून ठेवलं होतं.

लग्नाच्या पहिल्याच वर्षी एकदा तीनदा वाजला. रुपीबाई भरल्या ताटावरून उठली. पांढरकवड्याला बस बदलली, वणीला बदलली, पुढं कोळशाच्या रिकाम्या ट्रकमध्ये उभी राहिली आणि पाचव्या तासाला राजूरला पोचली. जावई टिपरमध्ये बसला होता. तिनं त्याला शर्टाला धरून खाली ओढलं आणि त्याच्याच टिपरच्या चाकावर त्याचं डोकं आपटलं. तीन वेळा वाजला होता, म्हणून तीन वेळा. खाणीवरची माणसं तोंड उघडं टाकून बघत होती, मधे कोणी पडलं नाही.

“मायाजवळ आयुष्यभराचा नंबर हाय,” ती जावयाला म्हणाली, त्याच्या नाकातून रक्त गळत असताना. “मी जिती हाय तोवर वाजंल. आन् वाजला का मी येईन.”

पूनमसिंग घाबरला. नुसता घाबरला नाही, तो त्या नंबरलाच घाबरला. बायको दीपाच्या दाराकडे जाताना दिसली की त्याचा उगारलेला हात खाली यायचा. पुढची दोन वर्षं रोज संध्याकाळी फोन दोनदाच वाजला. पोलीस नाही, पंचायत नाही, दहा आकड्यांनी त्या पोरीला दोन वर्षं सांभाळलं.

आता कंपनीला हे बघवेल कसं? फुकट मिस कॉलवर तिच्या साहेबांची पोटं भरतात का? त्या दिवाळीत हंगाम तोंडावर होता म्हणून रुपीबाईनं पन्नासाचं रिचार्ज मारलं. पन्नास भरले तर हातात पडले अडतीस, का तर म्हणे टॅक्स. आणि ते अडतीसही चार दिवसांत गायब. तिनं फोन केला नव्हता, कोणाला करू दिला नव्हता. मग एक शेतकरी वावरात हसत म्हणाला, “रुपीबाई, तुमच्या फोनवर लई प्रेमाचं गाणं वाजते बावा आजकाल!”

गाणं! तिनं मागितलं नव्हतं, तिला ऐकूही येत नव्हतं. ऐकायचा फोन लावणारा आणि पैसे जायचे हिचे. तळपायाची आग मस्तकात गेली बाईच्या. ती इंद्रजितच्या दुकानावर गेली. त्यानं कंपनीच्या नंबरवर फोन लावला. मराठीसाठी एक दाबा, अमक्यासाठी चार दाबा, पुन्हा ऐकण्यासाठी तारा दाबा. अर्धा तास दाबादाबी झाली आणि त्या दाबादाबीचेही पैसे कापले गेले.

“मावशी, गाणं बंद करायचे पण पैसे लागतात,” इंद्रजित खाली बघत म्हणाला.

तिनं हातातला फोन त्याच्या तोंडावर फेकून मारला. इंद्रजितचा समोरचा दात काउंटरवर पडला. तिनं फोन उचलला, पदरानं पुसला आणि भर बाजारात सगळ्यांना ऐकू जाईल असं ओरडली, “आजपासून या कंपनीच्या नरड्यात मी एक रुपया घालणार नाही! मायं कार्ड आयुष्यभराचं हाय, पाहतो कसं बंद करता!”

पैसे संपले तसं गाणं आपोआप थांबलं. रुपीबाईला वाटलं, जिंकली. पोरगी तेवढी रोज दोनदा वाजवत होती, तेवढं पुरे होतं.

त्या हंगामात कापसाचा भाव पडला तो असा, की आदल्या वर्षीच्या निम्म्यावर आला. वेचणीची मजुरीही निघेना. कितीतरी जणांनी तिसऱ्या वेचणीचा कापूस झाडावर तसाच सोडून दिला आणि वावरात ढोरं घातली. टोळीला काम राहिलं नाही. शेतकऱ्यांचे मिस कॉल थांबले. माघ संपला तसा फोन दिवसभर मुका आणि संध्याकाळी दोनदा, एवढंच उरलं. कंपनीचे मेसेज मात्र दिवसाला वीस यायचे, सगळे इंग्रजीत. भविष्य जाणा, क्रिकेट जाणा, तमकं जिंका. रुपीबाई ते उघडतही नव्हती. त्या गर्दीत एक मेसेज असाही आला होता, की आता नव्या नियमानं सहा महिन्यांत रिचार्ज केलं नाही तर नंबर बंद होईल. भोंग्यावर ओरडून दिलेलं त्यांनी चोरपावलांनी परत घेतलं. भेकड कुठले!

मे महिन्यात एका संध्याकाळी फोन वाजला नाही. रुपीबाई दारात बसून राहिली. टॉवरचं डिझेल संपलं असेल, असं तिला वाटलं. उन्हाळ्यात लाइट जायची, टॉवर दोन-दोन, तीन-तीन दिवस बसायचा, नवीन नव्हतं. दुसऱ्या दिवशी नाही वाजला. तिसऱ्या दिवशीही नाही. तांड्यात दुसरा फोन एकच होता, देवसिंग नायकाचा, दुसऱ्या कंपनीचा. ती त्याच्या दारापर्यंत गेली, दोन वेळा गेली, आणि मुसळ घेऊन पंचायतीत उभी राहिलेली बाई उंबऱ्याशी थबकून परत फिरली. ताठा होता ना अंगात. चौथ्या दिवशी सकाळी ती घाटंजीला इंद्रजितसमोर उभी राहिली.

इंद्रजितनं आपल्या फोनवरून तिचा नंबर लावला आणि ऐकता ऐकता त्याचा चेहरा उतरला. मग तिच्या फोनमध्ये शोधून त्यानं दीपाचा नंबर लावला आणि फोन रुपीबाईच्या कानाला दिला.

“मावशी, होत्या कुठं तुम्ही?” दीपा पलीकडून रडायलाच लागली. “साधना तीन दिवस तुमचा नंबर लावून राह्यली होती. लागलाच नाही. काल मारलं तिले त्यानं. वणीले दवाखान्यात नेलं आम्ही. या लवकर.”

फोन इंद्रजितच्या हातात देऊन ती बसला धावली. वणीच्या दवाखान्यात साधना खाटेवर होती, आणि ती साधना आहे हे तिला पायातल्या जोडव्यांवरून कळलं. तोंड सुजून एका बाजूला गेलेलं. जबडा दोन ठिकाणी मोडला होता, डावा डोळा बंद. टिपरचं चाक खोलायच्या लोखंडी दांड्यानं मारलं होतं. डॉक्टर म्हणाले, यवतमाळला न्या, तारेनं जबडा बांधावा लागेल. रुपीबाईनं पोरीचे हात हातात घेतले. मनगटापासून कोपरापर्यंत दोन्ही हात उलटेपालटे करून पाहिले. एक वळ नव्हता, एक ओरखडा नव्हता. हात धडधाकट होते.

“हात काहून नाही घातला आडवा?” तिनं विचारलं. “पोरी, मी शिकवलं होतं ना तुले?” साधनाच्या उघड्या डोळ्यातून पाणी आलं. तिला बोलता येत नव्हतं.

गाडी दुपारनंतर मिळणार होती. दीपाला पोरीजवळ बसवून रुपीबाई ऑटोनं राजूरला गेली. पूनमसिंग घरात होता, उघडा, खाटेवर पसरलेला. तिला दारात बघून तो उठून बसला आणि त्याचं तोंड पांढरं पडलं. भूत बघावं तसा बघत राहिला तो तिच्याकडे. दाराशी कोळसा ओढायचं फावडं होतं. पहिला फटका तिनं गुडघ्यावर घातला, वाटी फुटल्याचा आवाज बाहेर गेला. दुसरा दुसऱ्या गुडघ्यावर. तो रांगत खाटेखाली जायला लागला तेव्हा पाठीवर, कमरेवर, फावड्याचा दांडा मोडेपर्यंत. पूनमसिंग आजही कुबड्यांवर आहे आणि टिपरमध्ये पुन्हा चढला नाही. कोणाला कीव येत असेल तर येऊ दे. सांगणाऱ्याला येत नाही.

यवतमाळच्या मोठ्या दवाखान्यात साधनाचा जबडा तारेनं बांधला. दीड महिना तोंड उघडायचं नाही, नळीनं पातळ प्यायचं. तिसऱ्या दिवशी इंद्रजित भेटायला आला, समोरचा दात नसलेला. त्यानं तिला नीट समजावून सांगितलं, की नंबर कंपनीनं बंद केला, सहा महिने रिचार्ज नाही म्हणून. दहा रुपयांचं मारलं असतं तरी चालला असता.

“तुले माहीत होतं?”

“होतं,” तो म्हणाला. “दोनदा तांड्याकडे निघालो होतो मावशी, सांगाले. पण तुम्ही एक दात पाडला होता. मले भेव वाटलं.”

त्याला मारायला तिचा हात उठला नाही. ती उठली आणि तशीच चालत कंपनीच्या दुकानात गेली. मशिनीतून टोकन घ्या म्हणाले, घेतलं. एक तास बसली. टाय घातलेल्या माणसासमोर तिनं आपला फोन ठेवला आणि शांतपणे म्हणाली, “मायवाला नंबर परत चालू करा. आयुष्यभराचा हाय. पैसे किती लागतात ते घ्या.”

माणसानं कॉम्प्युटरमध्ये बघितलं. म्हणाला, सिस्टिममधून गेला तो नंबर, आता येत नाही.

“माया पोरीले तोच पाठ हाय.”

“ताई, नवीन घ्या ना,” तो हसून म्हणाला. कंपनीनं शिकवलेलं हसू होतं ते, गिऱ्हाईक बघून लावायचं. “आता ऑफर चालू आहे. पहिला महिना गाणं फ्री.”

पुढचं पेपरात आलंच आहे. स्टूल शेजारीच होतं. पहिलं काचेवर, मग कॉम्प्युटरवर, मग कपाळावर. तो टाय घातलेला माणूसही पगारीच होता, सात टाके पडले बिचाऱ्याला. पण भोंगा लावून बोललेली कंपनी कुठं राहते, तिचं कपाळ कुठं असतं, हे कोणी सांगेल का? नऊ दिवस रुपीबाई आत होती. बाहेर काढलं ते इंद्रजितनंच, जामीन राहून.

दीड महिन्यानं डॉक्टरांनी तार कापली. साधना तांड्यावर होती, आईच्या खोपटात. जबडा वाकडा जुळला होता, शब्द तोंडाच्या एकाच बाजूनं यायचे. रुपीबाईनं तिला ज्वारीच्या कण्या भरवल्या. ताट बाजूला ठेवलं आणि इतके दिवस पोटात ठेवलेलं पुन्हा विचारलं.

“हात काहून नाही घातला आडवा?”

साधनानं पदरानं वाकडं तोंड पुसलं. मग हळूहळू बोलायला लागली.

“याडी, तीन दिवस मी तुले लावत होती. एक बाई बोलायची, हा नंबर अस्तित्वात नाही. मले वाटलं, मीच आकडे चुकवून राह्यली. तिसऱ्या दिवशी तो पिऊन आला. मी दीपाच्या दारात पळाली, तीनदा वाजवाले. त्यानं माया हातातून फोन घेतला. कानाले लावला. ती बाई काय बोलली ते ऐकलं, आन् हासला. पुन्हा लावला, पुन्हा ऐकलं. मग मले केसाले धरून फोन माया कानाले दाबला. म्हणे, ऐक. तुई मायच म्हणत होती ना, जिती हाय तोवर वाजंल म्हणून? ऐक, कंपनी काय म्हणते ते.”

रुपीबाईनं तिचे केस मागे सारले.

“मले वाटलं तू मेली, याडी,” साधना म्हणाली. “म्हणून मग मी हात नाही घातला.”